स्मॉल ब्लॉक शेव्हरोलेसाठी एचईआय डिस्ट्रिब्यूटर: साठ डॉलरचा नवा, की भंगारातला डेल्को?

हॉट रॉड, म्हणजे वेगासाठी बदललेली जुनी गाडी, बांधणाऱ्याच्या खर्चाच्या यादीत इग्निशनचा नंबर बहुतेक वेळा शेवटी लागतो. रंग, चाके, कार्ब्युरेटर आणि हेडर्स यांवर पैसे खर्च होऊन गेल्यावर डिस्ट्रिब्यूटर, म्हणजे प्रत्येक सिलिंडरच्या प्लगला वेळेवर ठिणगी वाटणारा भाग, घ्यायची वेळ येते आणि नेमका तेव्हाच ऑनलाइन बाजारात कॅप (वरचे झाकण), रोटर (आत फिरून ठिणगी वाटणारा तुकडा), कॉइल (ठिणगीसाठी व्होल्ट वाढवणारी) आणि मॉड्यूल (इलेक्ट्रॉनिक स्विच) यांसकट संपूर्ण एचईआय (जनरल मोटर्सच्या इलेक्ट्रॉनिक इग्निशनचा) डिस्ट्रिब्यूटर साठ-सत्तर डॉलरला दिसतो. त्याच्या समोर पर्याय असतो तो जनरल मोटर्सच्या एखाद्या जुन्या गाडीतून काढलेल्या, तेलाने माखलेल्या डेल्को-रेमी डिस्ट्रिब्यूटरचा, जो नीट करून घेईपर्यंत स्वस्त नगाच्या दुप्पट ते तिप्पट खर्च होतो. मिशिगनमध्ये माझ्याकडे १९३२ च्या फोर्ड रोडस्टरच्या धाटणीची एक गाडी आहे, तिच्यात शेव्हरोलेचे ३५० घन इंचांचे स्मॉल ब्लॉक (लहान आकाराच्या घडणीचे) व्ही-८ इंजिन आहे आणि याच इंजिनावर मी हे दोन्ही डिस्ट्रिब्यूटर लावून चालवले आहेत. स्वस्त नगाच्या उत्पादकाचे नाव येथे देत नाही, कारण असा माल अनेक नावांनी विकला जातो आणि प्रश्न एका नावापुरता नाही.

काटकसर हा हॉट रॉडच्या परंपरेला लागलेला डाग नव्हे, ती तिची सुरुवात आहे. दक्षिण कॅलिफोर्नियातील म्युरॉकसारख्या कोरड्या तळ्यांवर १९३० च्या दशकात जी मुले जुन्या फोर्ड गाड्यांचे मडगार्ड काढून वेगाच्या शर्यती लावत होती, ज्यांच्या क्लबांनी १९३७ मध्ये सदर्न कॅलिफोर्निया टायमिंग असोसिएशन ही संस्था उभी केली, त्यांच्या खिशात नवे पार्ट घेण्याइतके पैसे नव्हते. पण ती मुले जो स्वस्त माल वापरत होती तो भंगारातला असला तरी कारखान्याच्या मापाचा आणि कारखान्याच्या धातूचा होता. आजचा स्वस्त माल नवा आणि चकचकीत असतो. माप आणि धातू यांची हमी मात्र त्याच्यासोबत येत नाही. मला वाटते, या निवडीतला खरा पेच येथे आहे, आणि ‘ओरिजिनल महाग, आफ्टरमार्केट स्वस्त’ एवढ्या सरळ मांडणीत तो सापडत नाही.

एचईआय म्हणजे हाय एनर्जी इग्निशन. चार्ल्स केटरिंग यांच्या डेल्को कंपनीने १९१० च्या कॅडिलॅकला बॅटरीवर चालणारे इग्निशन पुरवले, आणि तेव्हापासून १९७० च्या दशकापर्यंत अमेरिकेतील बहुतेक गाड्या कॉइल, कॉन्टॅक्ट पॉइंट आणि कॉन्डेन्सर या त्रिकुटावरच चालल्या. कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेली प्रीमियर पद्मिनी ज्यांनी चालवली आहे त्यांना हे सीबी पॉइंट चांगलेच ठाऊक असतील. पॉलिश पेपरने ते घासायचे, फीलर गेजने फट लावायची आणि काही महिन्यांनी पुन्हा तेच करायचे. जनरल मोटर्सने १९७५ च्या मॉडेलांपासून आपल्या गाड्यांमध्ये सरसकट एचईआय बसवले आणि पॉइंटच्या जागी चुंबकीय पिकअप व इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल आणले. व्ही-८ इंजिनांत कॉइलही कॅपच्या माथ्यावरच बसवली, त्यामुळे बाहेरून बारा व्होल्टची एक वायर जोडली की काम झाले. हॉट रॉडवाल्यांना एचईआय आवडण्याचे मोठे कारण हा सुटसुटीतपणाच आहे.

या यंत्रणेवर किती ताण असतो, हे एका साध्या हिशेबातून कळते. फोर-स्ट्रोक व्ही-८ इंजिनात क्रँकशाफ्टच्या प्रत्येक फेऱ्याला चार ठिणग्या लागतात. म्हणजे ६,००० आरपीएमला मिनिटाला २४,००० आणि सेकंदाला ४००. दोन ठिणग्यांमध्ये अवघे अडीच मिलिसेकंद मिळतात आणि तेवढ्यात कॉइल भरून रिकामी व्हायची असते. मॉड्यूलचे काम केवळ स्विचसारखे करंट जोडण्या-तोडण्याचे नाही. वेग वाढेल तसा कॉइल भरण्याचा वाटा वाढवणे आणि करंट ठरावीक मर्यादेपुढे जाऊ न देणे, हेही त्यालाच करावे लागते. ही मर्यादा सांभाळताना जी उष्णता निर्माण होते, ती बाहेर काढण्याची सोय ज्याने केली नाही त्याचे मॉड्यूल टिकत नाही.

स्वस्त नग खोक्यातून काढल्यावर त्याचे पहिले दर्शन चांगले होते. ॲल्युमिनियमची बॉडी पॉलिश केलेली होती, कॅप लालभडक होती आणि शाफ्ट हाताने सहज फिरत होता. दोन स्क्रू काढून मॉड्यूल उचलले तेव्हा मात्र त्याच्या धातूच्या पाठीवर पेस्टचा थेंबही नव्हता, आणि ज्या जागेवर ते बसले होते तेथे ओतकामाचा खरबरीतपणा तसाच होता. बोटाने चाचपला तर कण हाताला लागत होते. डेल्कोच्या जुन्या बॉडीत हीच जागा मशिनिंग करून सपाट केलेली असते आणि मॉड्यूलखाली सिलिकॉनच्या पेस्टचा पातळ थर असतो, जेणेकरून मॉड्यूलची उष्णता बॉडीत उतरावी. पेस्टची एक पुडी फार तर दोन-चार डॉलरची असते, आणि अडीच मिलिसेकंदांच्या या सगळ्या खेळाचे आयुष्य तिच्यावर अवलंबून असते.

याचा परिणाम ऑगस्टमध्ये दिसला. डेट्रॉइटच्या उत्तरेला वुडवर्ड ॲव्हेन्यूवर १९९५ पासून दर ऑगस्टमध्ये जुन्या गाड्यांचा मोठा मेळा भरतो. त्या गर्दीत गाडी चालण्यापेक्षा उभीच जास्त राहते. स्मॉल ब्लॉकचा डिस्ट्रिब्यूटर इंजिनाच्या मागच्या टोकाला, फायरवॉलला खेटून असतो. गाडी उभी असली की तेथे हवा फिरत नाही. अशा गर्दीत इंजिन आधी मिसिंग मारू लागले, मग एकदम बंद पडले, आणि बॉनेट उघडून बराच वेळ थांबल्यावर काहीच झाले नसावे तसे पुन्हा सुरू झाले. गरम झाल्यावर बंद आणि थंड झाल्यावर चालू, ही तापलेल्या मॉड्यूलची ठरलेली खूण आहे. खात्री करण्यासाठी त्याच स्वस्त बॉडीतली जागा सपाट घासून, पेस्ट लावून, डेल्कोचे चार पिनांचे डी१९०६ मॉड्यूल बसवले. बाकी काहीही न बदलता गाडी तशाच उन्हात आणि तशाच गर्दीत चालवली, आणि हा दोष पुन्हा आला नाही. दोष बॉडीत नव्हता, कॉइलमध्येही नव्हता. तो त्या एका चौकोनी काळ्या तुकड्यात आणि त्याच्याखालच्या कोरड्या जागेत होता. येथे एक सूचना करावीशी वाटते: अमेरिकेतील पार्टच्या दुकानांत मॉड्यूल अनेकदा फुकट तपासून देतात, पण टेबलावर थंड असताना ते हमखास पास होते, म्हणून चाचणी लागोपाठ अनेकदा घ्यायला सांगावे आणि मॉड्यूल हाताला चांगले गरम लागेपर्यंत समाधान मानू नये.

कॅप आणि रोटर यांच्याबाबतीत फरक इतका नाट्यमय नाही, पण तो आहे. स्वस्त कॅपचे टर्मिनल ॲल्युमिनियमचे होते, चांगल्या कॅपमध्ये ते पितळेचे असतात. ॲल्युमिनियमवर पांढरट भुकटी लवकर जमते आणि रोटरच्या टोकापासून ठिणगीला उडावे लागणारे अंतर वाढत जाते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे कॉइलखाली कॅपच्या मध्यभागी असलेले कार्बनचे बटण आणि त्याची स्प्रिंग. ही स्प्रिंग ढिली असेल तर कॉइलमधले हजारो व्होल्ट रोटरच्या पट्टीत नीट उतरत नाहीत आणि सरळ खाली, रोटरचे प्लॅस्टिक भेदून शाफ्टच्या टोकाशी जातात. स्वस्त रोटर उलटा करून पाहिला तेव्हा टाचणीच्या टोकाएवढे एक काळे भोक आणि त्याभोवती तपकिरी कडे दिसले. गाडी त्या अवस्थेतही चालत होती, फक्त चढावर जोर कमी पडत होता, आणि असा दोष माणूस आठवडेच्या आठवडे कार्ब्युरेटरमध्ये शोधत बसतो. मूळ दर्जाचा कॅप-रोटर संच फारसा महाग नाही. तो बदलून घेणे कोणत्याही परिस्थितीत परवडते. कॉइलबाबत मात्र स्वस्त नगाला दोष देता येणार नाही. मल्टिमीटरवर तिचा प्रायमरी रोध एक ओहमच्या आत आणि सेकंडरी रोध अपेक्षित मर्यादेत होता, आणि ती तापली तरी ठिणगीत फरक पडला नाही.

आता गिअर, ज्याकडे खरेदी करताना कोणी पाहत नाही आणि ज्याच्याबद्दल मला सर्वांत जास्त काळजी वाटते. स्मॉल ब्लॉक शेव्हरोलेमध्ये डिस्ट्रिब्यूटर कॅमशाफ्टवरच्या गिअरने फिरतो आणि त्याच्या शाफ्टचे खालचे टोक ऑइल पंपाचा दांडा फिरवते. म्हणजे हा गिअर नुसता ठिणगीचा वेळ राखत नाही, तर इंजिनातल्या सगळ्या बेअरिंगांना तेल पोहोचवणाऱ्या पंपाचा भार सतत उचलत असतो. तो मऊ धातूचा असेल तर दात झिजतात, टायमिंग हळूहळू मागे पडते, झिजलेला धातू तेलात मिसळतो आणि काही वेळा कॅमशाफ्टवरचा जोडीचा गिअरही खराब होतो. मग डिस्ट्रिब्यूटरऐवजी अख्खा कॅमशाफ्ट बदलण्याची वेळ येते. एक मोसम चालवून स्वस्त नग बाहेर काढला तेव्हा त्याच्या दातांच्या एका बाजूला धार आली होती, आणि तेल बदलताना ड्रेन प्लगच्या चुंबकावर नेहमीपेक्षा दाट काळपट लव होती. तेवढ्याच काळात डेल्कोच्या गिअरवर नुसती गुळगुळीत चमकणारी पट्टी उमटलेली असते.

यात कॅमशाफ्टच्या जातीचाही विचार करावा लागतो. जुन्या फ्लॅट टॅपेट (सपाट तळाचे टॅपेट कॅमवर घासत चालणाऱ्या) कॅमशाफ्टला साधा बिडाचा गिअर चालतो. जनरल मोटर्सने १९८७ पासून गाड्यांच्या स्मॉल ब्लॉकमध्ये हायड्रॉलिक रोलर कॅम (ज्यांवर टॅपेट घासण्याऐवजी छोट्या चाकावर फिरते) आणले, आणि आज हॉट रॉडमध्ये बाहेरून घेतलेले रोलर कॅमही सर्रास बसवले जातात. हे कॅम पोलादी असतील तर त्यांना मेलोनाइझ केलेला, म्हणजे पृष्ठभाग रासायनिक प्रक्रियेने कठीण केलेला गिअर लागतो. काही ठिकाणी काशाचा गिअर वापरतात, पण तो मऊ असल्याने वेळोवेळी तपासून बदलावा लागतो. स्वस्त डिस्ट्रिब्यूटरच्या खोक्यावर गिअर कोणत्या धातूचा आहे याचा उल्लेख क्वचितच असतो. तो नसेल तर रोलर कॅमच्या इंजिनात असा नग घालू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

ॲडव्हान्सच्या, म्हणजे वेग वाढेल तशी ठिणगी आधी पाडण्याच्या, बाबतीत गोष्ट थोडी वेगळी आहे, आणि येथे ‘ओरिजिनल’ या शब्दावर आंधळा विश्वास ठेवणाऱ्यांनीही थांबावे. कारखान्याने १९७५ नंतरच्या डिस्ट्रिब्यूटरमध्ये हा ॲडव्हान्स देण्यासाठी जी वजने आणि स्प्रिंगा बसवल्या, त्या कमी कॉम्प्रेशनच्या, धुराचे नियम पाळणाऱ्या कुटुंबाच्या गाड्यांसाठी होत्या. त्यांचा ॲडव्हान्स सावकाश येतो. हॉट रॉडच्या ३५० ला, जुन्या घडणीच्या हेडवर, एकूण ३४ ते ३६ अंश टायमिंग (पिस्टन वर पोहोचण्याच्या किती आधी ठिणगी पडते, तो क्रँकशाफ्टचा कोन) सुमारे ३,००० आरपीएमच्या आत मिळालेले हवे असते. डेल्कोमध्ये मी मूळ वजने ठेवली, एक स्प्रिंग हलकी केली आणि सुरुवातीचे टायमिंग १२ अंशांवर लावले. मेकॅनिकल ॲडव्हान्सचे २२ अंश त्यावर मिळून हिशेब ३४ ला आला. व्हॅक्यूमचा, म्हणजे इंजिनाच्या शोषाने चालणाऱ्या डब्याचा, ॲडव्हान्स याच्या वर, हलक्या ॲक्सिलरेटरवर आणखी १० ते १५ अंश देतो.

स्वस्त नगात स्प्रिंगा इतक्या हलक्या होत्या की वजने आयडलवरच उघडू लागत होती. टायमिंग लाइट धरला तर डॅम्परवरची (क्रँकशाफ्टच्या टोकावरच्या चाकावरची) खूण एका जागी ठरत नव्हती, पुढे-मागे नाचत होती, त्यामुळे सुरुवातीचे टायमिंग नेमके किती लावले आहे हेच कळत नव्हते. वजनांच्या खिळ्यांमध्येही प्ले होता. त्याचा व्हॅक्यूमचा डबा वीस अंशांहून जास्त ॲडव्हान्स देत होता, आणि हायवेवर एकसारख्या वेगाने जाताना इंजिन बारीक झटके खात होते. या गोष्टी सुधारता येतात. स्प्रिंगांचा संच आणि समायोजन करता येणारा व्हॅक्यूम डबा दोन्ही बाजारात मिळतात. पण ते घ्यायचे, मॉड्यूल बदलायचे, कॅप-रोटर बदलायचे आणि गिअरही बदलायचा म्हटले तर साठ डॉलरच्या नगातले मूळचे काय उरते, याचा हिशेब आधीच केलेला बरा.

स्वस्त नगावर अन्याय होऊ नये म्हणून एक गोष्ट नमूद करायला हवी. एचईआयला पूर्ण बारा व्होल्ट लागतात. पॉइंटच्या काळातल्या जनरल मोटर्सच्या गाड्यांत कॉइलकडे जाणारी वायर मुद्दाम रोध असलेली असे, जेणेकरून पॉइंट जळू नयेत. तीच वायर एचईआयच्या ‘बॅट’ टर्मिनलला जोडली, तर गाडी सुरू होते, पण वेग वाढला की ठिणगी अशक्त होते आणि दोष मॉड्यूलवर येतो. इग्निशन स्विचपासून किंवा रिलेमधून जाड वायर वेगळी ओढून घेणे हाच यावर उपाय आहे. प्लगच्या फटीचेही तसेच आहे. पॉइंटच्या काळातली ०.०३५ इंचांची फट एचईआयला चालते, पण ०.०४५ इंचांवर, म्हणजे सुमारे १.१ मिलिमीटरवर, आयडल अधिक स्थिर होते. प्लगच्या वायरी आठ मिलिमीटरच्या आणि चांगल्या इन्सुलेशनच्या घ्याव्यात. या इंजिनाचा फायरिंग ऑर्डर १-८-४-३-६-५-७-२ असा आहे. पाच आणि सात हे शेजारचे सिलिंडर लागोपाठ पेटतात, आणि त्यांच्या वायरी एकमेकींना चिकटून लांबवर समांतर नेल्या तर पाचच्या ठिणगीबरोबर सातमध्येही ठिणगी पडण्याचा धोका असतो. या दोन वायरी एकमेकींपासून दूर बांधणे हे कोणत्याही किमतीच्या डिस्ट्रिब्यूटरला लागू आहे.

जुना डेल्को घ्यायचा तर तोही डोळे उघडे ठेवून घ्यावा. सुट्या पार्टांच्या यार्डात आता १९७५ ते १९८० च्या गाड्या फारशा दिसत नाहीत, पण १९८० च्या दशकाच्या मध्यापर्यंतचे पिकअप ट्रक आणि व्हॅन अजून सापडतात आणि त्यांच्यात हवा तोच डिस्ट्रिब्यूटर असतो. त्याच काळातल्या कारमधून काढलेला मात्र घेऊ नये, कारण १९८१ पासून जनरल मोटर्सच्या कारमध्ये ॲडव्हान्सचे काम संगणकाकडे गेले. त्या डिस्ट्रिब्यूटरमध्ये सात पिनांचे मॉड्यूल असते, वजने नसतात आणि व्हॅक्यूमचा डबाही नसतो. बाजूला तो गोल डबा दिसला, की आपला नग हाच. मग कॅप काढून शाफ्टचे वरचे टोक बाजूला ढकलून पाहावे. बुश झिजलेले असतील तर शाफ्ट हलतो, आणि चुंबकीय पिकअपच्या दातांमधले अंतर प्रत्येक फेऱ्यात बदलून एका सिलिंडरचे टायमिंग दुसऱ्याशी जुळत नाही. वजनांखालचे खिळे गंजून खाचा पडलेले नाहीत ना, हेही पाहावे. पिकअप कॉइलचा रोध ५०० ते १,५०० ओहमच्या दरम्यान असावा, आणि मीटर लावलेला असताना तिच्या दोन वायरी हाताने वाकवून पाहाव्यात. व्हॅक्यूमच्या डब्याबरोबर त्या वर्षानुवर्षे हलतात आणि प्लॅस्टिक शाबूत दिसत असतानाही आतली तार तुटलेली असते.

माझ्या डेल्कोला नवे बुश, नवी पिकअप कॉइल, मॉड्यूल, कॅप-रोटर आणि शाफ्टचा उभा प्ले कमी करण्यासाठी गिअरजवळ शिम, एवढे लागले. गिअरची पिन ठोकून काढणे आणि बुश बदलणे ही कामे घरी करण्यापेक्षा प्रेस असलेल्या मशीन शॉपमध्ये द्यावीत. हे सगळे झाल्यावर इंजिनाचा जो फरक पडला तो गाडी सुरू केल्याक्षणी कानाला जाणवतो: आयडल जड आणि सलग येतो, टायमिंग लाइटखाली खूण खिळल्यासारखी स्थिर राहते आणि दुसऱ्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर दाबला की मध्ये कोठेही खळ न पडता वेग चढत जातो. कारखान्याच्या मॉड्यूलची मर्यादाही सांगायला हवी. ५,००० आरपीएमच्या पुढे त्याचा जोर कमी पडू लागतो. रस्त्यावरच्या ३५० ला ही अडचण येत नाही. ज्यांना ड्रॅग स्ट्रिपवर त्याहून वर जायचे आहे त्यांनी एमएसडी कंपनीच्या पेटीसारखी कपॅसिटिव्ह डिस्चार्ज पेटी वेगळी जोडावी, जी कमी वेगाला एका स्ट्रोकमध्ये अनेक ठिणग्या आणि जास्त वेगाला एकच पण जोरकस ठिणगी देते.

या दोहोंच्या मध्ये नामांकित आफ्टरमार्केट कंपन्यांचे नवे डिस्ट्रिब्यूटर आहेत, आणि आफ्टरमार्केट म्हणजे हलका माल असे समीकरण करणे चुकीचे ठरेल. एमएसडी किंवा परट्रॉनिक्सच्या नगात गिअरचा धातू लिहिलेला असतो, स्प्रिंगांचे संच सोबत येतात, आणि कोणत्या जोडीने कोणता ॲडव्हान्स मिळेल याचा तक्ता असतो. यार्डात फिरायला वेळ नसेल आणि जवळ मशीन शॉप नसेल तर हा रस्ता सरळ आहे. याउलट ‘ओरिजिनल’ नाव छापलेले प्रत्येक खोके ओरिजिनल असतेच असे नाही. अनोळखी विक्रेत्याकडून निम्म्या किमतीत मिळणारे नामांकित मॉड्यूल नकली असण्याची शक्यता धरूनच चालावे, छपाई आणि वजन पाहावे, आणि शक्यतो अधिकृत विक्रेत्याकडूनच घ्यावे.

ज्यांना आपली गाडी १९५० च्या दशकातल्या रूपात ठेवायची आहे त्यांना एचईआयची रुंद कॅप नको असते, आणि अनेक जुन्या फोर्ड बॉडींमध्ये फायरवॉल आत दाबून घेतल्याशिवाय ती बसतही नाही. त्यांच्यासाठी डेल्कोचा १९५७ पासूनचा खिडकीवाला पॉइंट डिस्ट्रिब्यूटर अजूनही उत्तम आहे. कॅपवरची छोटी झडप वर सरकवायची, इंजिन चालू ठेवूनच आत एक अष्टमांश इंचाची ॲलन की घालायची आणि मीटरवर ३० अंश ड्वेल (पॉइंट बंद राहण्याचा कोन) येईपर्यंत फिरवायची. इतकी सुबक सोय इतर पॉइंट डिस्ट्रिब्यूटरमध्ये मी पाहिलेली नाही. पण येथेही स्वस्त पॉइंट संच टाळावा. त्यातला कॅमवर घासणारा ठोकळा लवकर झिजतो, फट कमी होते आणि टायमिंग मागे जाते. आणि स्वस्त कॉन्डेन्सर कोणतीही सूचना न देता बसतो. जुनी कॅप तशीच ठेवून आत परट्रॉनिक्सचे इलेक्ट्रॉनिक किट बसवले तर बाहेरून कोणालाही कळत नाही आणि पॉइंटची कटकटही संपते.

खरेदीचा माझा सल्ला असा आहे. गाडी फक्त अंगणातून ट्रेलरवर आणि ट्रेलरवरून प्रदर्शनात जाणार असेल, इंजिन जुन्या फ्लॅट टॅपेट कॅमचे असेल आणि खरोखर पैसे उरले नसतील, तर साठ डॉलरचा नग घ्यावा, पण पहिल्याच दिवशी त्याचे मॉड्यूल काढून जागा सपाट करावी, चांगले मॉड्यूल पेस्ट लावून बसवावे आणि दर तेलबदलीला गिअर काढून पाहावा. गाडी रोज किंवा दूरवर चालवायची असेल तर यार्डातला डेल्को दुरुस्त करून घ्यावा. रोलर कॅम असेल तर त्याला मेलोनाइझ केलेला गिअर लावून घ्यावा. ते जमणारे नसेल तर नामांकित कंपनीचा नवा डिस्ट्रिब्यूटर घ्यावा आणि त्यासाठी रंगाच्या किंवा चाकांच्या खर्चातून शंभर-दीडशे डॉलर आधीच बाजूला ठेवावेत. दोन्ही बाबतीत डॅशबोर्डच्या कप्प्यात एक जादा मॉड्यूल, पेस्टची पुडी आणि त्याच्या स्क्रूला बसणारा पाना असू द्यावा. रस्त्याच्या कडेला हे मॉड्यूल बदलायला पंधरा-वीस मिनिटांहून जास्त वेळ लागत नाही आणि त्यासाठी टायमिंगला हात लावावा लागत नाही.